कूलर मैदानाबाहेर

शनिवारी दुपारी मानसिक रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डातल्या एका माणसाने स्टोअरच्या शटरला लाथ घातली. लाथ चांगली सणसणीत होती, शटरला खळगा पडला, आणि लाथ घालणारा पेशंट नव्हता.

पण असं काही झालेलंच नाही. अजून सकाळ आहे, शटर सपाट आहे आणि ब्रदर शीळ घालत वॉर्डात शिरतो आहे. तेव्हा आपणही काही ऐकलं नाही असंच धरून चालू.

ब्रदर म्हणजे या वॉर्डातला तरुण नर्स. घरी तीन बहिणींचा एकुलता भाऊ होता, नोकरी लागल्यावर जगाचा भाऊ झाला. पेशंट, डॉक्टर, चहावाला, कुणीच त्याला दुसरं काही म्हणत नसे. त्याचं रोजचं काम म्हणजे पुढच्या काही तासांत कोण कुणावर हात उचलेल याचा अंदाज बांधणं. ज्योतिष सांगण्यापेक्षा हे बरं, कारण इथे आपण चुकलो की नाही ते संध्याकाळच्या आत कळतं, कधीकधी कानाखाली कळतं.

अंदाजासाठी एक तक्ता होता. त्यात सहा खुणा. माणूस गोंधळलेला आहे का, चिडचिडा झालाय का, गलका करतोय का, तोंडाने धमकावतोय का, अंगावर जातोय का, वस्तूंवर राग काढतोय का. नसेल तर शून्य, असेल तर एक. बेरीज शून्य आली की निवांत. एक-दोन आले तर नजर ठेवायची. तीन झाले की डॉक्टरांना फोन करायचा आणि त्या माणसाला फाटकाबाहेर सोडायचं नाही.

तक्त्याची खरी गंमत तळाच्या बारीक टिपेत होती. माणूस एरवीही तसाच वागत असेल तर ते मोजायचं नाही, नेहमीपेक्षा वाढलं असेल तरच एक द्यायचा. ब्रदरला ही टीप इतकी पटली होती की त्याने ती घरीही लागू केली होती. आई सकाळी डबे भरताना चिडचिड, गलका आणि तोंडी धमकी एकदमच सुरू करायची. पण ब्रदरला आठवतंय तेव्हापासून ती रोजच करत आली होती, म्हणून तिला शून्य. उलट थोरले दाजी एरवी इतके गरीब, की एका रविवारी ते नुसतं "चहा गार झालाय" म्हणाले तर ब्रदरने मनातल्या मनात त्यांना एक दिला आणि दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवली. दाजींना वाटलं, मेहुण्याला काहीतरी हवंय.

आणि वॉर्डात ही टीप ज्यांच्यासाठीच लिहिली असावी असे एक गृहस्थ होते. पंचकाका.

पंचकाकांचा उभा जन्म फुटबॉलच्या मॅचेसमध्ये पंचगिरी करण्यात गेला होता. आजार उसळला की त्यांना सगळं जग मैदान दिसायचं. रस्त्यातल्या लोकांना ते कार्ड दाखवायचे, सिग्नल तोडणाऱ्याच्या मागे धावायचे. औषधांनी ते हळूहळू ओसरलं. मैदान आकसत आकसत कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या कूलरपाशी येऊन थांबलं. तेवढं मात्र जाईना.

कूलरचंही थोडं चुकत होतंच. जुना स्टीलचा कूलर, मोटर सुरू झाली की अंगात आल्यासारखा थरथरायचा, बंद होताना गुळण्या केल्यासारखा आवाज काढायचा आणि मग पायाशी पाणी सांडून मख्खपणे उभा राहायचा. पंचकाकांच्या मते तो ढोंगी खेळाडू होता. कुणी हात लावला नाही तरी कळवळतो आणि वेळ काढतो.

"ऊठ," ते दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे, कारण खरी शिट्टी दाखल होतानाच जमा झाली होती. "काही लागलेलं नाही तुला. ऊठ म्हणतो ना. बाहेर काढीन बरं का."

मग टूथपेस्टच्या खोक्यातून कापलेलं पिवळं कार्ड वर. हे रोज सकाळी आणि रोज दुपारी, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. कूलरला त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं. पंचाने खेळाडूला हात लावायचा नसतो. थोडक्यात, नेहमीचंच. शून्य.

गेल्या महिन्यात मात्र ब्रदर सुट्टीवर असताना शेजारच्या स्त्रियांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर तक्ता भरायला आल्या. त्यांना नेहमीचं काय ते माहीत नव्हतं, समोर जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. गलका एक, धमकी एक, वस्तूवर राग एक. तीन. पंचकाकांची घरी जायची दोन दिवसांची रजा रद्द झाली. त्यांची धाकटी बहीण, जिला वॉर्डात सगळे ताई म्हणत, इस्त्रीचा शर्ट पिशवीत घेऊन आली होती, ती तो तसाच घेऊन परत गेली. काही दिवसांनी भेटीच्या वेळी ती फाटकाजवळच्या बाकावर ब्रदरशी बोलत बसली होती.

"बाबा आता एकेक माणूस विसरत चाललेत," ती म्हणाली. "मला कधी शेजारीण समजतात, कधी नर्स. परवा मला म्हणाले, तुमचं आडनाव काय. दादाला तेवढं विसरलेले नाहीत. दादा कधी येणार, एवढं एकच विचारतात. पण तेही किती दिवस, सांगता येत नाही हो."

ब्रदरने मान डोलावली. तक्त्यात याला रकाना नव्हता.

आज पुन्हा रजेचा शनिवार होता. चार वाजता ताई येणार होती. गेल्या वेळच्या वादानंतर असं ठरलं होतं की रजेवर जाणाऱ्याचा तक्ता दोघांनी मिळून भरायचा, आणि दुसरा माणूस बाहेरच्या वॉर्डातला हवा. म्हणजे पुन्हा मोठ्या सिस्टर. ब्रदर आठवडाभर डोकं खाजवत होता आणि शेवटी त्याला जे सुचलं ते त्याला फारच हुशारीचं वाटलं.

"कूलरच काढून टाकू," तो मामांना म्हणाला. मामा म्हणजे वॉर्डातले अटेंडंट, निवृत्तीला टेकलेले.

"त्याने काय होईल?"

"कूलर नाही तर भांडण नाही. भांडण नाही तर शून्य."

"सासूबाई गावाला गेल्या तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं," मामा म्हणाले. "मग बायको माझ्याशी भांडायला मोकळी झाली."

ब्रदरने यावर विचार करायला हवा होता. त्याऐवजी तो ट्रॉली घेऊन आला. पंचकाका आंघोळीला गेलेले पाहून दोघांनी कूलर मागच्या आवारातल्या स्टोअरमध्ये नेऊन ठेवला. स्टोअरमध्ये वस्तू नेण्याचं एकच कारण चालतं, म्हणून ब्रदरने सांगितलं, "दुरुस्तीला." वॉर्डात पाण्याचे जग भरून ठेवले आणि तो हात झटकून प्रसन्न चेहऱ्याने औषधं वाटायला लागला.

पंचकाका भांग पाडून कॉरिडॉरच्या टोकाला आले आणि थांबले. कोपरा रिकामा होता. फरशीवर कूलरच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन होता. काकांनी तोंडाजवळ नेलेली बोटं खाली घेतली.

"ब्रदर, तो कुठंय?"

"कोण, काका?"

"उगाच भोळा होऊ नकोस."

"बाहेर गेलाय."

"बाहेर? मी लाल कार्ड दाखवलेलं नाही. मग काढला कुणी?"

"स्वतःहून गेला," ब्रदर म्हणाला. एकदा खोटं सुरू केलं की ते आपोआप पुढे चालतं.

"मॅच चालू असताना? पंचाला न विचारता?"

काकांनी आधी खाटांखाली पाहिलं. मग न्हाणीघरात. मग प्रत्येकाला विचारलं, तुझ्या बाजूने गेला का. कुणी नाही म्हणालं, कुणी हो म्हणालं, एकाने तर तो काय कपडे घालून गेला तेही सांगितलं. मग काकांनी सगळ्यांना रांगेत उभं करून मोजणी घेतली. एक जण उत्साहाच्या भरात दोनदा उभा राहिला, त्यामुळे संख्या बरोबर भरली आणि काकांचा संशय आणखी वाढला.

दुपारपर्यंत त्यांचा आवाज चढला होता. जेवणाचं ताट त्यांनी बाजूला सारलं. एरवी कूलरशी भांडण पाच मिनिटांत उरकून ते निवांत पेपर वाचत बसायचे. आज त्यांना भांडायलाच कुणी नव्हतं, त्यामुळे ते संपेचना. मोठ्या सिस्टर हातात तक्ता घेऊन आल्या तेव्हा काका आवारात उघडणाऱ्या जाळीच्या दाराला धरून ते गदागदा हलवत होते.

"काय चाललंय?" सिस्टरनी विचारलं.

"शोध."

"कशाचा?"

"कूलरचा."

सिस्टरनी पेनचं टोपण काढलं. "गोंधळलेला. एक."

"सिस्टर, कूलर खरंच नाहीये तिथे," ब्रदर मध्येच म्हणाला.

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "गेला कुठे?"

"मी काढला. काकांनी शांत राहावं म्हणून."

सिस्टरनी दार हलवणाऱ्या काकांकडे पाहिलं. मग ब्रदरकडे पाहिलं. "मग गोंधळलेला कोण?"

"मी," ब्रदर म्हणाला. "पण माझा तक्ता नसतो."

सिस्टरनी एक खोडला. वॉर्डात त्यांना कडक म्हणत, पण त्या अन्यायाने वागणाऱ्या नव्हत्या. "मला याचं नेहमीचं माहीत नाही, असं तूच गेल्या वेळी सगळ्यांना सांगत होतास. मग आता तू सांग. ही चिडचिड नेहमीपेक्षा जास्त आहे?"

ब्रदरच्या मनात आलं, नाही म्हणावं. एका शब्दाचं काम होतं. पण चिडलेल्या माणसाला तसंच ताईबरोबर पाठवायचं, आणि घरी म्हाताऱ्यासमोर काही झालं तर? तक्ता नेमका त्याचसाठी होता.

"जास्त आहे," तो म्हणाला.

"गलका?"

"तोही जास्त आहे."

"दोन. आणि हे दार?"

"हलवतायत. आपटलेलं नाही अजून."

सिस्टरनी पेन हवेतच धरलं. "मी चहा घेऊन येते. परत येईन तेव्हा दार जागच्या जागी असेल तर दोन. नाहीतर तीन, आणि मग माझ्याकडे बघायचं नाही."

दुपारच्या फेरफटक्याची वेळ झाली होती, दार उघडायचंच होतं. मामांनी ते उघडलं, काकांना भिंतीच्या कडेकडेने चालवायला घेतलं आणि ब्रदर स्टोअरकडे पळाला. स्टोअरबाबू अर्धं शटर खाली ओढून स्टुलावर बसले होते.

"कूलर परत हवाय," ब्रदर म्हणाला.

"दुरुस्त झाला?"

"बिघडलाच नव्हता."

"मग आत कसा आला? इथे चांगली वस्तू येतच नाही."

"आलीये ना. तुमच्या मागेच उभी आहे."

"म्हणजे बिघडलेली आहे."

"बरं, बिघडलेली. आता झाली दुरुस्त."

"कुणी केली?"

"आपोआप झाली."

"आपोआपवर सही कोण करणार?" स्टोअरबाबूंनी शांतपणे विचारलं. ते चिडत नसत. त्यांच्याकडे वेळ भरपूर होता. "इंजिनियरची सही लागते. इंजिनियर सोमवारी येतील."

"अहो, तो चार वाजता घरी जाणार आहे. घरी वडील आहेत, ते सगळं विसरत चाललेत."

"कूलरचे?"

इथे ब्रदरच्या पायाने ब्रदरला न विचारता निर्णय घेतला. जे आपण सुरुवातीला ऐकलंच नव्हतं, ते आता साऱ्या आवाराने ऐकलं. भिंतीवरचे कावळे उडाले. शटर थोडा वेळ स्वतःशीच बोलत राहिलं आणि मग गप्प झालं. ब्रदर ओरडतही होता, पण काय, ते त्यालाही नंतर आठवलं नाही.

तेवढ्यात शिट्टी झाली. एकच, छोटी, स्वच्छ.

पंचकाका मामांना मागे ठेवून येत होते. पळत नव्हते. पाठ ताठ, नजर समोर. ते ब्रदर आणि शटर यांच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि त्यांनी तळहात उघडा करून छातीसमोर धरला. ब्रदरला कुठेही स्पर्श केला नाही.

"मागे हो. अजून एक पाऊल. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघ."

ब्रदरने पाहिलं.

"श्वास सोड. घेतोयस नुसता. सोड." काकांनी पिवळं कार्ड काढून वर धरलं, अगदी कसलाही राग नसल्यासारखं. "पहिलीच वेळ?"

"हो."

"दिसतंच आहे. बोटं दुखतायत?"

"हो."

"दुखणारच. अशी मारत नाहीत लाथ." मग ते वळून वाकले आणि शटरखालून आत बघायला लागले. "आत कोण आहे?"

"कूलर," स्टोअरबाबू स्टुलामागून म्हणाले.

"जखमी?"

"कागदावर जखमी. तसा धडधाकट आहे."

"मी रोज हेच सांगतोय, ढोंगी आहे." काका सरळ झाले. सकाळपासून वर चढलेले त्यांचे खांदे खाली आले. "म्हणजे बाकावर बसवलाय होय? मग तसं सांगायचं ना, बाबा. बदली करायला माझी काही ना नसते. पंचाला कळवायचं असतं, एवढंच."

"चुकलं, काका."

"चल, पाणी पी."

मोठ्या सिस्टर चहा पिऊन परत आल्या तेव्हा दार जागच्या जागी होतं. पंचकाका खाटेवर बसून सकाळचं राहिलेलं पेपर वाचन उरकत होते. ब्रदर बूट काढून बोटं चोळत होता. सिस्टरनी काकांशी थोडा वेळ गप्पा मारल्या, आज कोण जिंकलं वगैरे विचारलं, आणि बेरीज लिहिली. दोन. रजेवर जायला हरकत नाही, नजर ठेवावी.

ब्रदरचा जीव भांड्यात पडतोय तोच फोन वाजला. ड्यूटीवरच्या डॉक्टर होत्या.

"स्टोअरमधून तक्रार आलीये. तुमच्या वॉर्डातल्या माणसाने शटर मोडलं म्हणे. आज रजेवर कोण जातंय तुमच्याकडून? जो कोणी असेल, थांबवा त्याला."

मोठ्या सिस्टर ब्रदरकडे बघत होत्या. मामा खिडकीबाहेर बघत होते. ब्रदरची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि ती कायम होण्याच्या कागदावर याच डॉक्टरांचं मत जाणार होतं.

"ते पेशंटने नाही केलं, डॉक्टर."

"मग?"

"मी केलं."

"मी म्हणजे कोण?"

"ब्रदर."

"कारण?"

"कूलर."



"तुमचा स्कोअर किती?" डॉक्टरांनी विचारलं. त्या चेष्टा करतायत की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्यांचा आवाज एरवीही तसाच असे, म्हणजे ते मोजायचं नाही.

ब्रदरने प्रामाणिकपणे हिशोब केला. "चिडचिड एक, गलका एक, वस्तूवर राग एक. तीन. आणि हे माझ्या नेहमीपेक्षा जास्त आहे."

"मग नियम तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आज फाटकाबाहेर जायचं नाही. पुढच्या शिफ्टला कुणीतरी तुम्हाला परत बघेल. पेशंटला जाऊ द्या. आणि खुलासा लिहा, मोठ्या साहेबांच्या नावाने."

चार वाजता ताई आली. हातात तीच पिशवी.

"आहे रजा?" तिने लांबूनच विचारलं.

"आहे."

ती हसली नाही. बाकावर टेकली आणि जरा वेळ पिशवीचे बंद नीट करत राहिली. "सकाळपासून विचारतायत, दादा कधी येणार. मी सांगितलं, आज येतोय. मग म्हणाले, बरं झालं, पण तुम्ही कोण?"

पंचकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाही त्यांना थोडी सैल झाली होती. "मला ओळखतील ना गं?"

"आधी चल तर खरं."

फाटकाच्या जाळीपलीकडे जाऊन काका मागे वळले. ब्रदर अलीकडे उभा होता.

"तुझी पण सुटी झाली ना? चल की."

"नाही, काका. माझे तीन झालेत."

"अरे अरे. किती मॅचेस बसवणार?"

"कळवतील म्हणाले."

"गप्प बसू नकोस. अपील कर," काका म्हणाले, आणि ताईचा हात धरून निघाले. रस्ता ओलांडताना त्यांनी एका सायकलवाल्याला नुसतं बोट दाखवलं. कार्ड काढलं नाही. कोपऱ्यावर वळेपर्यंत ब्रदर बघत राहिला.

मग तो लंगडत ड्यूटी रूममध्ये गेला. आईला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि चिडचिड, गलका, तोंडी धमकी हे तिन्ही मुकाट्याने ऐकून घेतलं. मामांनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ते दारात स्टूल टाकून बसले. नियमाप्रमाणे कुणीतरी नजर ठेवायला हवी होती.

"काय लिहिताय, माफी?" मामांनी विचारलं.

"माफी एका ओळीत संपली. आता अपील लिहितोय."

प्रति, माननीय अधीक्षक. विषय: स्टोअरच्या शटरला पडलेल्या खळग्याबाबत खुलासा.

महोदय, सदर खळगा मी पाडला असून तो मला मान्य आहे व त्याबद्दल मी दिलगीर आहे. पुरुष वॉर्डातील पेशंट, ज्यांस पंचकाका म्हणतात, हे आज दोन दिवसांच्या रजेवर घरी गेले आहेत. सोमवारी ते परत येतील व त्यांची पुढील रजा नियमानुसार महिनाभराने येईल. दरम्यानच्या काळात त्यांचे वडील माणसे विसरत राहणार असल्याचे त्यांच्या बहिणीकडून तोंडी समजते. या कामी कोणत्याही कार्यालयाची पूर्वपरवानगी घेतल्याचे दिसून येत नाही. सबब नम्र विनंती की, सदर विसरण्यास पंचकाकांच्या पुढील रजेपर्यंत तात्पुरती स्थगिती देण्यात यावी, आणि तसे लेखी आदेश संबंधितांस आजच्या आज बजावण्यात यावेत.